मी गेलो, मी गेले



मराठीत 'मी' म्हणून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. 'मी' हा शब्द गरीब आहे, तो बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. पण पुढं क्रियापद येतं आणि चुगली करतं. 'मी गेलो' म्हटलं की पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' असं बिनदिक्कत बोलतात, आणि त्यामुळं त्यांच्या बाईपणात काही उणं पडल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या मुळशीकडे मात्र तशी मुभा नाही. इथं गेलो म्हणजे गेलो आणि गेले म्हणजे गेले.

आज बोलायचंय ते याच एका मात्रेबद्दल. शरीर एक सांगतं आणि माणूस स्वतःबद्दल दुसरं सांगतो, तेव्हा खरं कुणाचं धरायचं? जगभर यावर कडाक्याचं भांडण चाललं आहे. मी काही डॉक्टर नाही, वकील नाही. बी. ए. झालेला, कविता करणारा आणि गावातल्या लोकांचे अर्ज-कागद वाचून देणारा माणूस आहे. पण या विषयात माझ्या नावावर एक जुनं येणं आहे, म्हणून बोलतो.

माझं गाव उरवडे. पुण्याहून पौड रस्त्यानं पिरंगुटला यायचं आणि तिथून आत वळायचं. आता सगळीकडे कंपन्यांच्या शेड आणि प्लॉटच्या पाट्या दिसतात. मी सांगतोय ती गोष्ट साधारण १९८० ची, तेव्हा भातखाचरं होती आणि पावसाळ्यात शाळेची कौलं गळायची. आमच्या वर्गात एक मुलगा होता. तूर्त 'मुलगा' म्हणतो, पुढं काय म्हणायचं ते पाहू. घर खातंपितं, वडील तालमीचा शौक असलेले, थोरले दोघे भाऊ आखाड्यात उतरणारे. हा मात्र मधल्या सुट्टीत मुलींत बसून सागरगोटे खेळायचा आणि जिंकायचासुद्धा. एक दिवस गुरुजींनी विचारलं, "काल का आला नाहीस रे?" तो उभा राहिला आणि म्हणाला, "मामाच्या गावाला गेले होते."

वर्ग हसला. गुरुजींनी त्याला 'मी गेलो होतो' हे वाक्य शंभर वेळा लिहायला लावलं. त्यानं लिहिलं. मी शेजारीच बसत होतो, शेवटी शेवटी त्याची बोटं कशी दुखत होती ते मी पाहिलंय. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याच्यावर दोन ओळी जुळवल्या. यमक चपखल होतं. त्या ओळी आज इथं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या होत्या, आठवड्यात गावातली शेंबडी पोरंही म्हणायला लागली, जत्रेत त्याचा बाप कुस्त्या बघायला बसला असताना मागून कुणीतरी त्या म्हटल्या. कवी म्हणून आयुष्यात मला मिळालेली ती पहिली दाद. मोठी माणसंही पाठीवर थाप मारत म्हणाली, "मुलाण्याचं पोर हुशार आहे हां!" दहावीच्या आत तो मुलगा गाव सोडून गेला.

पुढं मी खरोखरच्या कविता लिहायला लागलो. त्यांतल्या काही कवितांत मी बाईच्या तोंडून बोललो आहे, 'आले', 'गेले', 'राहिले' असं लिहिलं आहे. त्याचं कौतुक झालं. आपल्या परंपरेत हे चालतं, नव्हे शोभतं. नाथांच्या भारुडात मिशीवाला माणूस पदर घेऊन सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं मांडतो आणि लोक डोळे पुसतात. आमच्याकडे अहमदाबादच्या मूसा सुहाग या सूफी संतानं बांगड्या आणि नवरीचा वेष घालून देवाला आळवलं, त्यांच्या दर्ग्यावर आजही बांगड्या वाहतात. भक्तीत चालतं, कवितेत चालतं, सोंगात चालतं. सोंग नसेल तरच अडतं. मला कौतुक मिळालं त्याच क्रियापदासाठी त्या मुलाला शंभर ओळी मिळाल्या होत्या, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली.

आता जरा शरीराकडे वळू. शरीर काही खोटं नसतं. गर्भ पहिले सहा-सात आठवडे बाहेरून एकाच घडणीचा असतो. पुढं वाय गुणसूत्रावरचा एक जनुक, जो शास्त्रज्ञांना १९९० साली सापडला, तो कामाला लागला तर वृषणं घडू लागतात, नाही तर अंडाशय. बहुतेकांच्या बाबतीत हे सरळ घडतं आणि पुढं आयुष्यभर त्याचा विचारही करावा लागत नाही. पण काहींच्या बाबतीत वाटेत फाटे फुटतात. गुणसूत्रं पुरुषाची, पण शरीराच्या पेशी त्या संप्रेरकांना दादच देत नाहीत, मग बाळ मुलीसारखं जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं आणि पाळी येत नाही म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी दवाखान्यात नेलं की कळतं. हा झाला शरीराचाच गुंता. आणि शरीर पूर्ण सरळ असूनही मन 'मी हा नव्हे' म्हणतं, ती वेगळी गोष्ट. या दोन्ही गोष्टींची आपण एकच मोट बांधतो आणि वर टाळी वाजवून हसतो. तिथून घोटाळा सुरू होतो.

महाराष्ट्रात हा गुंता पोलीस खात्याच्या दारात जेवढा उघडा पडला तेवढा इतर कुठं पडला नसेल. बीड जिल्ह्यातल्या ललिता साळवे या महिला शिपायाचं प्रकरण श्रोत्यांना आठवत असेल. मुलगी म्हणून वाढवलेली, महिला म्हणून भरती झालेली. तपासणीत वाय गुणसूत्र निघालं. शस्त्रक्रियेसाठी २०१७ साली रजा मागितली तेव्हा खातं अडलं, कारण पुरुष शिपायाची उंची वेगळी आणि महिला शिपायाची वेगळी. शस्त्रक्रियेनंतर हा माणूस कुठल्या रकान्यात बसवायचा? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखवली गेली, अखेर सरकारनं परवानगी दिली. २५ मे २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे याच नावानं नोकरी चालू राहिली, २०२० साली लग्न झालं, २०२४ च्या जानेवारीत मुलगा झाला. ही गोष्ट लोकांना आवडली. माझ्या मते त्याचं एक कारण असं की ती शेवटी नीट एका बाजूला जाऊन बसली. लग्न, मूल, पेढे. आपल्याला शेवट कळला की आपण उदार होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत अनुसूचित जातीतल्या एका गरीब घरच्या मुलीनं महिला म्हणून अर्ज केला. लेखी झालं, मैदानी झालं, पास झाली. वैद्यकीय तपासणीत आढळलं की गर्भाशय नाही, अंडाशय नाही, पुढच्या तपासणीत गुणसूत्रं पुरुषाची निघाली. म्हणजे महिलांच्या जागेवरून बाद. आणि पुरुषांच्या निकषांत ती कुठून बसणार? ती तर जन्मापासून मुलगीच होती. शाळेत मुलगी, घरात मुलगी, स्वतःच्या मनात मुलगी. तिला आधी काही माहीतच नव्हतं. विचार करा, नोकरीच्या तपासणीला गेलेल्या मुलीला तिथल्या कागदावरून कळतं की विज्ञानाच्या लेखी आपण दुसरंच कुणीतरी आहोत. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि माधव जामदार यांच्या खंडपीठापुढं हे आलं, आणि सरकारनं तिला शिपायाची नाही तरी खात्यातली दुसरी नोकरी देण्याची तयारी दाखवली. इथं मन आणि समाज एका बाजूला आहेत, गुणसूत्र एकटं दुसऱ्या बाजूला. जे लोक म्हणतात की एक रक्ततपासणी केली की स्त्री-पुरुष ठरतं, त्यांनी या मुलीला समोर बसवून ते सांगून बघावं.

तिसरी गोष्ट आमच्या पारावर आली, ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीमुळं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी व्यक्तीनं महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागात अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो स्वीकारायला लावला. आधार होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाचा आणि २०१९ च्या कायद्याचा. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क मान्य केलेला होता. अंजलीताई निवडूनही आल्या. याच्या उलटही आपल्या शेजारच्या राज्यात घडलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या कटनी शहरात कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या होत्या, पण पद महिलांसाठी राखीव आणि उमेदवार पुरुष, या कारणावरून ती निवड रद्द ठरली, आणि २००३ साली तिथल्या उच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या अठरा वर्षांत काय बदललं? लोकांनी तर दोन्हीकडं मतं दिलीच होती.

भादलीची बातमी मी पारावर वाचून दाखवली तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनी थांबल्या. त्या पिरंगुटच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या, पूर्वी एकदा ग्रामपंचायतीला उभ्या राहून पडलेल्या. म्हणाल्या, "चाचा, आम्हाला पन्नास टक्के मिळायला किती वर्षं लागली? तिथंही नवरेच कारभार करतात. आता उद्या कुणीही उठून म्हणंल मी बाई. मग आमच्या वाट्याला काय?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शहाणीसुरती माणसं तो विचारतात म्हणून त्यांना बुरसटलेलं म्हणायची अलीकडे फॅशन झाली आहे, ती मला मान्य नाही. ज्या बाईनं आयुष्यभर बाई म्हणून टक्केटोणपे खाल्ले, तिनं आपल्या जागेची राखण केली तर बिघडलं कुठं? जगातही हेच चाललंय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं १६ एप्रिल २०२५ ला सांगितलं की त्यांच्या समानता कायद्यात 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जन्मजात शारीरिक स्त्री असाच आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं २०२५ च्या सप्टेंबरपासून महिला गटातल्या खेळाडूंना मघाशी सांगितलेल्या त्याच जनुकाची तपासणी लावली. शर्यतीत हाडं, स्नायू धावतात, तिथं शरीराला विचारावंच लागणार असं मलाही वाटतं. दवाखान्यातही तसंच. औषध देताना डॉक्टरला शरीर माहीत हवं.

पण वहिनींना मी एवढंच म्हणालो की न्यायालयानंही हा प्रश्न विचारला होता. अंजली पाटलांनी तिथं लिहून दिलं होतं की संधी साधण्यासाठी आपण पुढं पुरुष म्हणून फिरणार नाही. आणि खरं सांगा, आपल्या गावातला कुठला पुरुष एका सदस्यपदासाठी जन्मभर साडी नेसून बाजारात जाईल? वहिनी हसल्या. म्हणाल्या, "नवऱ्याला उभं केल्यापेक्षा ती बरी, निदान स्वतः मीटिंगला तरी जाईल." त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. माझंही झालेलं नाही. पण एक कळलं की 'स्त्री कोण' हा एकच प्रश्न नाही. शर्यतीत विचारला की तो वेगळा असतो, रुग्णालयात वेगळा, ग्रामपंचायतीत वेगळा, आणि मयताच्या ओसरीवर तर फारच वेगळा.

सोळाव्या-सतराव्या शतकाच्याही कितीतरी आधीच्या इस्लामी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'खुन्सा' या नावानं एक प्रकरण असतं. स्त्री की पुरुष हे शरीरावरून ठरत नाही अशा माणसाचं. नमाजात त्यानं कुठं उभं राहायचं? पुरुषांच्या रांगांच्या मागं आणि बायकांच्या रांगांच्या पुढं. वारसाहक्कात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, मग याला किती? हनफी पंथाचे शास्त्री म्हणाले, दोन्हींपैकी जो कमी तो. मालिकी म्हणाले, दोन्हींची सरासरी. हे सगळं शरीराबद्दल आहे, मनाबद्दल नाही, आणि कमी वाटा देणं मला काही पटत नाही. तरी एका गोष्टीचं नवल वाटतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या मंडळींना असा माणूस दिसला तेव्हा त्यांनी त्याला रांगेबाहेर काढलं नाही. रांग कुठं आहे ते शोधत बसले. याउलट १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला तेव्हा हिजड्यांची नोंदवही ठेवायला सांगितली आणि बाईच्या वेषात चारचौघांत दिसणं हाच गुन्हा केला. आपल्या गावागावांतल्या हसण्यात त्या नोंदवहीचाही थोडा वाटा असावा.

आता माझ्या येण्याकडे वळतो. २०२२ च्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. हिरवट सुती साडी, केस पांढरे, हातात प्लास्टिकची पिशवी. ती म्हणाली, "ओळखलंस का? कसा ओळखशील म्हणा." आवाजावरून ओळखलं. आणि त्या क्षणी, श्रोतेहो, माझ्या मनातलं 'तो' आपोआप 'ती' झालं. ठरवून काही करावं लागलं नाही. समोर जे उभं होतं त्याला 'तो' म्हणायला जीभच वळली नसती. शस्त्रक्रिया वगैरे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमच्या वयाला एकमेकांची रक्तदाबाची गोळी विचारावी, बाकी काय विचारायचं.

वडील वारले होते. त्यांच्या मयताला तिला कुणी कळवलं नव्हतं. सातबाऱ्यावर वारस म्हणून मात्र तिचं जुनं नाव लागलं होतं, कारण तलाठ्याच्या कागदाला भाऊबंदकी कळत नाही. उरवड्याच्या जमिनीला आता जो भाव आहे तो तुम्हाला ठाऊकच असेल. भावांनी माणूस पाठवून तिचा पत्ता शोधला होता. तिच्याकडं नव्या नावाचं, कलेक्टर कचेरीतून मिळालेल्या दाखल्यावरून केलेलं आधार कार्ड होतं. कागद त्याच्याशी जुळायला हवा म्हणून वकिलानं नवं हक्कसोडपत्र तयार करून दिलं होतं. पौडला जाऊन नोंदवायचं तेवढं राहिलं होतं. त्याआधी ते मला वाचून दाखव म्हणून ती आली होती. तिची शाळा सुटली ती सुटलीच.

हक्कसोडपत्र हा आमच्या भागातला मोठा प्रकार. २००५ च्या कायद्यानं हिंदू कुटुंबात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांएवढाच हक्क दिला, आणि तेव्हापासून राखी पौर्णिमेला साडी देऊन बहिणींच्या सह्या घ्यायची घाई वाढली. असे कागद मी शेकड्यांनी वाचलेत. हाही वाचायला घेतला. 'लिहून देणार' म्हणून तिचं नवं नाव, पूर्वीचं नाव अमुक, आणि पुढं ओळ होती, 'लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून...'

मी थांबलो. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. जिला बहीण म्हणायला चाळीस वर्षं भावांची जीभ रेटली नव्हती, बापाच्या खांद्याला जिला बोलावलं नव्हतं, ती जमीन सोडायच्या कागदावर सख्खी बहीण झाली होती.

चहा झाला. मग मी ते बोलायचं ठरवलं जे इतकी वर्षं घशात होतं. म्हटलं, शाळेतल्या त्या दोन ओळी, भिंतीवरच्या, त्या मी केल्या होत्या. ती म्हणाली, "ठाऊक आहे की. तुझ्याशिवाय कुणाला येत होतं?" आणि तिनं त्या म्हणून दाखवल्या. एक शब्द चुकली नाही. मी मान खाली घातली होती. म्हणून झाल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त झालीय बघ तुझी. म्हणताना दम लागायचा पोरांना." मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. खरंच जास्त होती.

माफी मागितली. ती "हं" म्हणाली. माफ केलं की नाही ते त्या 'हं'वरून कळण्यासारखं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

सकाळी दोघं पिरंगुटला गेलो. पौडच्या एस. टी.ची वेळ झाली होती. मी म्हटलं, "काय ठरवलंस?" ती म्हणाली, "सही नाही करत." भाऊ कोर्टात जातील, वर्षानुवर्षं चालेल, तुला झेपेल का, असं मी बोलत होतो. ती माझं ऐकत नव्हती. पलीकडे झेरॉक्सचं दुकान उघडत होतं. कागद पुढं धरून ती मला म्हणाली, "त्यातलं ते बहिणीचं पान कुठलं? त्याच्या दोन काढून घेते."